गावाची शांतता आणि माणसाचा हक्क

(ज्ञातिमंडळाच्या माढा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, देणगीदारांचे आभार मानावे, ऐक्याचा उपदेश करावा आणि खाली बसावे, असा आपला जुना प्रघात आहे. विद्यार्थ्यांचे कौतुक आम्ही मनापासून करतो, देणगीदारांचे आभारही मानतो. परंतु ऐक्याचा उपदेश करण्यापूर्वी आज एक हिशेब आपणांपुढे मांडावयाचा आहे. तो खजिनदारांच्या वहीत सापडणार नाही.

आमचा विषय असा. गावात शांतता नांदावी, दुर्बळातील दुर्बळ माणसाचाही हक्क राखला जावा आणि त्या पायावर गावाची उन्नती व्हावी, यासाठी आपल्या समाजातील निवडक स्त्रीपुरुषांस रीतसर शिक्षण द्यावे. यावर कोणी म्हणेल की, भांडण मिटविणे ही काय शाळेत शिकण्याची विद्या आहे? ती वयाबरोबर आपोआप येते. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. वय झाले, ती विद्या मात्र आली नाही, हे कबूल करण्यासच आज उभे आहोत.

प्रथम आपल्या तालुक्याकडे पाहू. भीमेवरील उजनी धरण आपल्याच माढा तालुक्याच्या भूमीवर उभे आहे. १९६६ साली त्याची पायाभरणी झाली, १९८० साली ते पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी त्यात मावते. पाणी आले, ऊस आला, डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा आल्या. पाण्यामागून जमिनीला किंमत आली आणि किमतीमागून बांधावरची भांडणे आली. रान जिराईत होते तेव्हा वीतभर बांध इकडेतिकडे सरकला तर चुलते हसून सोडून देत. आज त्याच वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारचे पाणी पीत नाहीत. पाण्याची पाळी, वहिवाटीचा रस्ता, वडिलार्जित घराची वाटणी, नांदावयास न नेलेली मुलगी, मिरवणुकीचा मार्ग, आणि अलीकडे मोबाईलवरून आलेला एखादा खोडसाळ मजकूर, एवढ्या सहा-सात कारणांत आपल्या गावांतील बहुतेक तंटे येऊन जातात.

यातील प्रत्येक तंट्यास वेगळे दार आहे आणि ते कोणते हेच आपणांस ठाऊक नसते. शेताचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. परंतु ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आपला माणूस काय करतो? पहिला महिना तो शिव्या देतो, दुसऱ्या महिन्यात पुढाऱ्याकडे जातो, तिसऱ्यात कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा राहतो. पुढे फौजदारीच्या तारखा सुरू होतात, आणि रस्त्याची मुदत केव्हा निघून गेली हे त्यास कळतही नाही. बांधाचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी, हे सांगणारा एक शहाणा माणूस भावकीत असता तर निम्मी डोकी फुटण्याची वाचली असती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे. आपल्या किती भगिनींना हे माहीत आहे? शिक्षण लागते ते येथे.

आता आमच्या हिशेबाकडे येतो.

जुन्या काळी आपल्या ज्ञातीची पंचायत होती. तिची निंदा करणे आज सोपे आहे, पण तिचे ऋणही विसरू नये. न्यायालय दूर, वकिलाची फी न परवडणारी, लिहिता-वाचता येणारा शंभरांत एखादा. अशा काळात पंचांनी कित्येक घरांच्या वाटण्या एका बैठकीत करून दिल्या, कित्येक निराधारांस भाकरी मिळवून दिली. परंतु पंचायतीच्या हाती हत्यार एकच होते, ते म्हणजे वाळीत टाकणे. त्या धाकाने गावात जी शांतता राहत असे, तिला आपण ऐक्य म्हणत आलो.

१९८६ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. आपल्यापैकी एका घरातील मुलीने स्वतःच्या पसंतीने परज्ञातीतील मुलाशी लग्न केले. बैठक बसली. मुलीच्या वडिलांस ५०१ रुपये दंड झाला आणि त्या घराशी कोणी रोटीव्यवहार ठेवू नये असे ठरले. दंड त्या गृहस्थाने भरला. मुलीशी संबंध तोडणार नाही, असे मात्र भर बैठकीत सांगितले. म्हणून बहिष्कार उठला नाही. आम्ही तेव्हा ऐन पंचविशीत होतो, शिकलेले होतो आणि त्या बैठकीत दाराजवळ बसलो होतो. जे चालले आहे ते चुकीचे आहे, हे आम्हांस समजत होते. आम्ही बोललो नाही. दोन वर्षांनी ते गृहस्थ वारले. त्यांच्या तिरडीस खांदा दिला तो शेजारच्या आळीतील परज्ञातीच्या मंडळींनी. आपल्यापैकी एकही पुरुष पुढे झाला नाही. आम्ही घराच्या खिडकीतून ती यात्रा जाताना पाहिली. त्या दिवशी गावात कसलेही भांडण झाले नाही. संपूर्ण शांतता होती.

बंधुभगिनींनो, ती शांतता खरी होती काय?

आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी हकीकत या प्रश्नाचे उत्तर देते. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून संत चोखामेळा इतर मजुरांसह मृत्यू पावले. संत नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधल्या, पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. समाधी दारापर्यंत आली. चोखोबांच्या ज्ञातिबांधवांस आत जाण्यास मात्र त्यानंतर सहा शतके लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. मधल्या सहाशे वर्षांत त्या दारापाशी फारशी आरडाओरड ऐकू आली नाही, म्हणून तेथे शांतता होती असे म्हणावयाचे काय? ज्याच्यावर अन्याय झाला तो गप्प आहे आणि ज्याने केला तो निर्धास्त आहे, अशा स्थितीस निमूटपणा म्हणतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुरुजींचे उपोषण सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर हिंडून गावोगाव सभा घेत होते, लोकांची मने वळवीत होते, हे थोड्यांस ठाऊक असते. दार उघडण्याआधी माणसे तयार करावी लागतात.

कायद्यासही येथवर पोहोचण्यास वेळ लागला. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसास स्वतंत्र कायद्याचा आधार उरला नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, परंतु काम थांबले नाही. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि जुलै २०१७ पासून तो अंमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यास साहाय्य करणाराही सुटत नाही. १९८६ च्या त्या बैठकीत जे घडले, ते आज उघड गुन्हा ठरेल.

मग पंचायत गेली, तिच्या जागी काय आले? खरे सांगावयाचे तर, पुष्कळ ठिकाणी काहीच आले नाही. पंचांचा धाक गेला आणि न्यायालयाच्या तारखा राहिल्या. ही पोकळी भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले, त्यांची माहिती आपणांस असावी. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगाव समित्या झाल्या, जुने दावे सामोपचाराने मिटविण्यास उत्तेजन मिळाले, यशस्वी गावांस बक्षिसे मिळाली. पुढे २०२३ साली संसदेने मध्यस्थता कायदा संमत केला. त्यात सामुदायिक मध्यस्थतेचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या तंट्याने वस्तीतील सलोखा बिघडण्याचा संभव आहे, तो दोन्ही पक्षांच्या आगाऊ संमतीने तीन मध्यस्थांपुढे मांडावा, अशी त्याची कल्पना आहे. तेथे झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येत नाही. कित्येकांस हे वैगुण्य वाटेल. आम्हांस तेच त्याचे मर्म वाटते. ज्याच्या मागे पोलीस नाही आणि बहिष्कारही नाही, तो समझोता केवळ न्याय्य असला तरच टिकेल.

अशा मध्यस्थाने काय शिकावे? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली गोष्ट ऐकून घेण्याची. पंच प्रथम निकाल मनात ठरवितो आणि मग साक्ष ऐकतो. मध्यस्थाने याच्या उलट करावे. दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे, घरातील स्त्रीचे म्हणणे पुरुषांच्या पाठीमागे स्वतंत्रपणे ऐकावे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवू नये.

दुसरी गोष्ट संमतीची. जो यावयास तयार नाही त्यास ओढून आणू नये. दंड घेऊ नये, शपथ घालू नये. जे ठरेल ते दोघांस समजेल अशा भाषेत लिहून, वाचून दाखवून, मगच सह्या घ्याव्यात.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे कोणते प्रकरण हाती घेऊ नये हे ओळखणे. बांध आणि वाटणी यांत तडजोड होऊ शकते. मारहाण झालेली सून, बालविवाह, लेकराची विटंबना, दलित बांधवांवरील अत्याचार, यांत तडजोड नाही. तेथे मध्यस्थाचे काम एकच, पीडिताचा हात धरून त्यास ठाण्यापर्यंत किंवा विधी सेवा समितीपर्यंत पोहोचविणे. ‘जमवून घे, बाई’ हे तीन शब्द आपल्या वडीलधाऱ्यांनी, आणि आम्हीही, किती लेकींना ऐकविले असतील! घरगुती छळाविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. तो आपल्या लेकींना आपल्याच तोंडून कळावा.

चौथी गोष्ट, हक्क हा उपकार नव्हे हे समजणे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असता भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला आणि पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असा शब्द आला. एका शब्दासाठी कशाला भांडावे, असे त्या म्हणाल्या नाहीत.

हे सारे मोठ्या शहरांत शोभणारे आहे, आपल्या भागात कोण ऐकणार, अशी शंका कोणास येईल. त्यांनी शेजारच्या करमाळ्याकडे पाहावे. तेथील सामाजिक कार्यकर्ते श्री. प्रमोद झिंजाडे यांनी कोविडच्या साथीच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत पाहिले की, शोकाने खचलेल्या त्याच्या पत्नीचे कुंकू पुसण्याचे, बांगड्या फोडण्याचे विधी तिच्यावर लादले जात आहेत. त्यांनी थांबविण्याचा प्रयत्न केला. रूढी म्हणून कोणी ऐकले नाही. तेव्हा आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर असे विधी लादू नयेत, हे त्यांनी मुद्रांकावर लिहून दिले आणि गावोगाव हा विषय नेला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींस हा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. या प्रथेत कोणी लाठी उगारीत नाही. जावा, नणंदा, शेजारणीच डोळे पुसत पुसत बांगड्या फोडतात. म्हणूनच ती मोडण्यास पोलीस पुरत नाही. समजावून सांगणारा शेजारी लागतो.

आता गावाच्या उन्नतीविषयी दोन शब्द. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अंमलात आली. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाने गावाचा विकास आराखडा गावानेच करावयाचा आहे. एवढी दारे उघडी असता आपला समाज ग्रामसभेत केव्हा दिसतो? आपल्या ज्ञातीच्या सभागृहास जागा हवी असेल तेव्हा! सभागृह अवश्य व्हावे. परंतु गावाची गटारे, शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह, दलितवस्तीचा नळ आणि स्मशानाचा रस्ता हे विषय निघतात तेव्हाही आपली माणसे तेथे बसलेली असावीत. ज्याने शेजाऱ्याच्या नळासाठी हात वर केला, त्याचाच शब्द भांडणाच्या वेळी शेजारी ऐकतो. शांततेची मशागत ही अशी तंटा नसताना करावयाची असते.

यास्तव आम्ही मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, दरवर्षी आपल्यापैकी पाच जणांस, त्यांत निदान तीन स्त्रियांस, विधी सेवा समितीच्या शिबिरांत आणि पंचायत कारभाराच्या शिक्षणवर्गांत मंडळाच्या खर्चाने पाठवावे. संमेलनाच्या भोजनातील बुंदी एक वर्ष बंद ठेवली तरी हा खर्च निघेल. दोन, या पाच जणांनी केवळ ज्ञातीपुरते न राहता, बोलावणे येईल त्या कोणत्याही घरी जावे. आणि आपल्या घरच्या तंट्यात परज्ञातीचा मध्यस्थ बसला तर आपणही कमीपणा मानू नये. तीन, ज्ञातीच्या रूढीविरुद्ध वर्तन करणाऱ्याचे सभासदत्व रद्द करण्याचे जे कलम आपल्या घटनेत अजून छापले जाते, ते याच सभेत काढून टाकावे. ते कोणी वापरीत नाही, असे चिटणीस सांगतात. वापरावयाचे नाही ते हत्यार घरात तरी कशाला ठेवावे?

शेवटी राहिलेला हिशेब. ज्यांच्या पतीस आम्ही खांदा दिला नाही, त्या मातोश्री आज ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. आम्ही क्षमा मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बाबा, माफी घरात येऊन मागतोस. वाळीत तर चारचौघांत टाकलं हुतं.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर देण्याची जागा ही आहे. म्हणून त्यांच्या परवानगीने, त्यांचे नाव न घेता, या भरल्या सभेत आम्ही सांगतो की, १९८६ साली त्या घरावर टाकलेला बहिष्कार हा अन्याय होता. त्या बैठकीत आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो. त्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. मंडळाने हाच आशय ठराव म्हणून नोंदवावा आणि दंडाचे ५०१ रुपये त्या घरी सन्मानाने परत करावेत, अशी आमची विनंती आहे. रक्कम आज क्षुल्लक आहे. पण ती आपली नाही.

त्या मातोश्री वयोमानामुळे आज येथे येऊ शकल्या नाहीत. हे भाषण स्मरणिकेत छापले गेले, तर तिची प्रत आम्ही स्वतः त्यांच्या घरी नेऊन देऊ. त्यांस आता अक्षर दिसत नाही. वाचून दाखविण्यास नात आहे. जिच्या लग्नावरून हे सारे घडले, त्या मुलीचीच ती लेक.